साळुंखे मॅडमची उजळणी

साळुंखे मॅडम बारावीच्या वर्गाला अकरावीचं पुस्तक शिकवायच्या. बारावीचंही शिकवायच्या, पण प्रत्येक तासाची सुरुवात मागच्या वर्षाच्या मूलभूत संकल्पनांनी व्हायची. अवधान, वेदन, संवेदन, स्मृती, भावना. बोर्डाच्या पेपरात ह्यातलं काही थेट येणार नव्हतं. कुणी तसं बोलून दाखवलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "पेपरात येणार नाही. तुझ्यावर येणार आहे."

तळोद्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र हा सोपा विषय समजला जाई. ज्यांना इतिहासाच्या सनावळ्या नकोत आणि अर्थशास्त्राच्या आकृत्या नकोत, ती मुलं इकडे येत. मॅडम धुळ्याकडच्या. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, म्हणजे घेतील तेवढ्या तासांचं मानधन आणि दर वर्षी नवी नेमणूक. उंच, हडकुळ्या, सुती साडी, पायात पुरुषी सँडल आणि बारा महिने हातात काळी छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती. कॉलेजच्या फाटकापाशी एक म्हातारं, दात पडलेलं कुत्रं झोपलेलं असायचं. त्याला वळसा घालायला मॅडम रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या आणि पुढे पुन्हा ओलांडून अलीकडे यायच्या. आम्ही खिडकीतून बघून हसायचो. एकदा त्यांनी पाहिलं. वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "हसा. लहानपणी एका कुत्र्यानं मला पोटरीला फाडलंय. ह्या म्हाताऱ्यानं माझं काही केलेलं नाही, हे मला माहीत आहे. माझ्या पोटरीला माहीत नाही. लिहून घ्या, भीतीचं सामान्यीकरण."

स्वतःलाच असं फळ्यावर टांगणारी शिक्षिका मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यांचा सगळा भर दोन शब्दांवर असायचा, वेदन आणि संवेदन. डोळ्यांतून, कानांतून जे आत येतं ते वेदन. त्याचा आपण लावतो तो अर्थ म्हणजे संवेदन. पुस्तकातली व्याख्या त्या एकदाच वाचायच्या. मग फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायच्या. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. कुणी काहीही सांगितलं, अगदी बाजारातलं भांडणसुद्धा, तरी त्या खडू पुढे करून म्हणायच्या, "ये. दोन्हीकडे वाटून लिही." उजवी बाजू भरून वाहायची. डावीकडे दोन-तीन ओळींच्या पुढे कुणाचं जात नसे.

वर्गात अर्धी मुलं सातपुड्यातल्या गावांची होती. मोलगीकडे जाणारी शेवटची जीप शेवटच्या तासालाच स्टँडवरून हॉर्न द्यायची, आणि तो ऐकला की ही मुलं वाक्य अर्धवट सोडून दप्तर उचलायची. मॅडमनी एकदा त्या जीपवाल्याला सकाळीच गाठलं असावं. भर अकरा वाजता कॉलेजसमोर हॉर्न वाजला आणि अर्धा वर्ग दप्तर काखोटीला मारून उभा राहिला. मॅडम हसल्या नाहीत. "बसा. पुस्तकातल्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची. तुमचे हात हॉर्न ऐकून दप्तराकडे जातात. अभिजात अभिसंधान. आता विसराल का?"

मागच्या बाकावरून सेवंती म्हणाली, "मॅडम, त्या कुत्र्याला भाकर तरी मिळायची. आम्हाला जीपमध्ये जागा पण मिळत नाही."

मॅडम मोठ्यानं हसल्या. सेवंती डोंगरातली, पावरी बोलणारी, वर्गातली सगळ्यांत तिखट जिभेची मुलगी. त्या दिवसापासून ती मॅडमची लाडकी झाली, म्हणजे तिलाच सगळ्यांत अवघड प्रश्न यायला लागले.

मॅडमना 'नेहमी' हा शब्द खपत नसे. "ती नेहमी असंच करते," असं म्हटलं की लगेच, "शेवटचं कधी?" एका प्रार्थनेला प्राचार्य माईकवरून म्हणाले, "डोंगरातली मुलं नेहमी उशिरा येतात." शिक्षकांच्या रांगेतून शांत आवाज आला, "सर, शेवटचं कधी? आणि कोण?" माईक चालूच होता. प्राचार्यांनी घसा खाकरून राष्ट्रगीत सुरू केलं. मॅडमची नेमणूक दर वर्षी ज्यांच्या सहीनं व्हायची ते हेच, हे आम्हालाही ठाऊक होतं.

ते जानेवारीचे दिवस होते. बोर्ड जवळ आलं होतं आणि मॅडम सकाळी सकाळी आमच्या वसतिगृहावर येऊन जादा तास घेत. वसतिगृह संस्थेचंच, मुलींचं. लांबलचक ओसरी, एका टोकाला स्वयंपाकघर, त्याला लागून धान्याची कोठी, दुसऱ्या टोकाला झोपायच्या खोल्या. तापीकाठच्या गावांतल्या आम्ही काही आणि वरच्या गावांतल्या काही; जीपला कंटाळून सेवंतीही दिवाळीनंतर इथेच राहायला आली होती. स्वयंपाक रुमाबाई करायच्या. मोलगीच्याही पुढच्या पाड्यावरच्या, एकट्या, अबोल. मराठी त्यांना जेमतेम यायचं. काम करताना मात्र त्या सारख्या काहीतरी पुटपुटत. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. खिचडी खाऊन आम्ही ओसरीवर बसलो होतो. मॅडम भावनांची उजळणी घेत होत्या. माझ्यापुढे मोगी बसली होती, वरच्या पाड्यावरची, बारकी, गरीब स्वभावाची. ती सकाळपासून पाय चोळत होती. एकाएकी ती कण्हली आणि आडवी झाली.

आम्ही पाणी आणायला धावलो तोवर कोमल किंचाळली. कोमल माझ्याच गावची. "मला श्वास येत नाहीये! बोटं वाकडी होताहेत!" तिची बोटं खरंच आकसून चोचीसारखी झाली होती. मग तिच्या शेजारची पडली. मग मागची. बघता बघता ओसरीभर मुली धापा टाकायला लागल्या, रडायला लागल्या. माझ्याही हातांना मुंग्या येऊ लागल्या. मी बोटांकडे पाहत राहिले आणि मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. मॅडमनी मला दंडाला धरून उभं केलं. "वैशाली, बोटांकडे बघू नको. माझ्याकडे बघ. जा, खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेव आणि कुणाला हात लावू देऊ नको."

त्या पळापळीत मला कळलं नाही, पण त्यांनी पहिली शंका अन्नावर घेतली होती. "आधी पोट, मग मन," त्या गृहपाल बाईंना म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलवा. खिचडी आणि पाणी तसंच ठेवा, तपासायला लागेल." गृहपाल बाई फोन लावत होत्या. रुग्णवाहिका अक्कलकुव्याच्या रस्त्यावर अपघाताला गेलेली, यायला वेळ लागणार होता. ग्रामीण रुग्णालयातले एकमेव डॉक्टरही तिकडच्या जखमींतच अडकलेले. मॅडमनी धापा टाकणाऱ्या मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बसवलं, प्रत्येकीजवळ एक धड मुलगी दिली आणि सांगितलं, "तिच्याबरोबर सावकाश श्वास घे. बाकी काही बोलू नको." दारं लावून घेतली. मोगीला सगळ्यांत शेवटच्या खोलीत झोपवलं, तिच्याजवळ सेवंती बसली.

तेवढ्यात कोमल आतून ओरडली. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. "रुमाबाईनं केलं! काल तिनं मोगीकडे बघून मंत्र म्हटला! मी पाहिलं! डाकीण आहे ती!"

हा शब्द उच्चारल्यावर सगळं बदललं. तोवर ते आजारपण होतं, आता त्याला एक माणूस मिळालं होतं. मुलींकडे फोन होते. मिनिटांत तो शब्द फाटकाबाहेर गेला, गावांत गेला. रुमाबाई स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांना तो शब्द कळला होता. तो सगळ्या भाषांत कळतो. त्यांच्या हातातला झारा खाली ठेवायचा राहिला होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं.

मॅडम त्यांच्याकडे गेल्या, झारा काढून घेतला, हाताला धरून त्यांना धान्याच्या कोठीत नेलं, बाहेरून कडी घालून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत ठेवली. मग ओसरीवरची लाकडी खुर्ची ओढून कोठीच्या दाराला टेकवून तिच्यावर बसल्या.

पहिली मोटारसायकल आली. मग एक पिकअप. मग बऱ्याच. आमच्या गावची माणसं होती, कोमलचे काका होते, आणि सगळ्यांच्या पुढे माझे वडील. आबा. घरात मोठ्यानं न बोलणारा माणूस, पण चेहरा असा झाला होता की मी खांबाआड सरकले. गृहपाल बाई कचेरीत गेल्या आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं.

"मॅडम, बाजूले व्हा," आबा म्हणाले. "ती बाईले बाहेर काढा."

मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी आवाज दिला, "बारावी! पुस्तकं घेऊन या. इथे, माझ्यासमोर बसा."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सेवंती पहिल्यांदा जाऊन बसली. मग एकेक करत आम्ही बसलो, गर्दी आणि खुर्ची ह्यांच्या मध्ये, फरशीवर मांडी घालून. मॅडमनी कोठीच्या दारावरच खडूनं उभी रेघ मारली. दिसलं. वाटलं.

"हाई काय शाळा लावी ऱ्हायनात?" मागून कुणीतरी ओरडलं.

मॅडम वर्गात कधीच अहिराणी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "भाऊ, तुम्ही काय देखं?" त्यांनी थेट आबांना विचारलं.

"गावमा सांगतंस, दोन पोरी मरी ग्यात!"

"कोन मरनं? तुम्हनी पोर कोठे शे?"

आबांची नजर भिरभिरली. मी उभी राहिले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मॅडमनी दाराकडे वळून उजव्या बाजूला लिहिलं, 'दोघी मेल्या'. डावी बाजू कोरी ठेवली. मग सावकाश म्हणाल्या, "एकही मेलेली नाही. सगळ्या श्वास घेताहेत. कोमल, बाहेर ये."

कोमल भिंत धरत आली. ती बरी दिसत होती. बोटं सरळ झाली होती.

"काल काय पाहिलंस? जे डोळ्यांना दिसलं तेवढंच."

"तिनं मंत्र..."

"मंत्र ऐकलास? शब्द सांग."

"शब्द... मला ती भाषा येत नाही."

"मग काय दिसलं?"

कोमल रडकुंडीला आली. "ओठ हलत होते. मोगी समोर होती."

मॅडमनी डावीकडे लिहिलं, 'ओठ हलत होते'. "सेवंती, काल स्वयंपाकघरात तू होतीस ना? काय म्हणत होती ती?"

सेवंती बसल्या जागेवरून म्हणाली, "मीठ घातलं का नाही घातलं, असं. ती रोज तेच म्हणते. तिला आठवत नाही मीठ घातलेलं."

कुठूनतरी हसू फुटलं. कुणाचं ते कळलं नाही, पण गर्दी किंचित सैल झाली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात कोमलचे काका आमच्या रांगेतून पुस्तकं तुडवत पुढे आले. धिप्पाड माणूस. "बास झाई शाळा," म्हणत त्यांनी खुर्चीच्या मागून हात घालून कडी धरली आणि हिसका दिला. कुलूप खडखडलं. आतून रुमाबाईंचा एक बारीक आवाज आला, रडण्याचाही नव्हे, दचकून श्वास ओढल्यासारखा. आत एक घाबरलेलं माणूस आहे, हे त्या आवाजानं सगळ्यांना कळलं असेल. पण हात मागे आला नाही.

मॅडमनी त्यांच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. "पहिले मन्हा हात मोड," त्या म्हणाल्या, "मंग कडी मोड." आवाज चढलेला नव्हता. त्यांच्या मनगटाची शीर उडताना मला खालून दिसत होती.

कोण मागे हटलं असतं, मला आजही सांगता येत नाही. कारण त्याच क्षणी शेवटच्या खोलीतून मोगीचं कण्हणं ऐकू आलं. लांब, खोल, जनावरासारखं.

सेवंती म्हणाली, "मॅडम, मोगी मघापासून हाडं, हाडं म्हणतेय. पाठीची, पायाची. बाकीच्या थांबल्या. ती थांबत नाहीये."

मी मॅडमचा चेहरा पाहत होते. त्यावरचा रंग उतरत गेला. बाकीच्या मुलींच्या मुंग्या एकमेकींना बघून पसरल्या होत्या आणि एकमेकींपासून दूर केल्यावर ओसरल्या होत्या. मोगीच्या खोलीत जिचं बघून व्हावं अशी दुसरी आजारी मुलगी नव्हती. तरी तिचं दुखणं वाढतच चाललं होतं. मॅडमनी सकाळी तिलाही त्या बाकीच्यांतच मोजलं होतं.

त्यांना आत जायला हवं होतं, आणि दार सोडता येत नव्हतं.

त्यांनी गर्दीवरून एकदा नजर फिरवली. मग उठल्या, मूठ उघडली आणि किल्ली आबांच्या हातात दिली.

"भाऊ, मी येस तोपावेतो ह्या खुर्चीवर बठा."

एवढं बोलून त्या मागे न बघता ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पळाल्या. आबा हातातल्या किल्लीकडे बघत उभे होते. कोमलचे काका म्हणाले, "दे हाई, उघाड आते." सगळे थांबले. मी आबांकडे बघत होते आणि मला खरंच माहीत नव्हतं ते काय करतील. ते माझे वडील होते, तरी माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसले. "मॅडम येवू दे," ते म्हणाले. "मंग देखू."

मॅडम मोगीला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आल्या. ती इतकी हलकी होती म्हणून, की मॅडम इतक्या घाबरल्या होत्या म्हणून, कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट झाला होता. "गाडी कुणाची आहे?" मॅडम ओरडल्या. "ज्याची असेल त्यानं चालू करा!" रुमाबाईंना ओढून न्यायला जी पिकअप आली होती, तिच्यातच मोगीला घातलं. चालवायला कोमलचे काका बसले. मॅडम मागे, मोगीचं डोकं मांडीवर घेऊन, अंगावर आमच्या चार गोधड्या.

मोगीला सिकलसेलचा आजार होता. रक्तातलाच, जन्मापासूनचा. थंडीत, अंगात पाणी कमी पडलं की उसळतो, हाडं फुटल्यासारखी दुखतात. लहानपणी आश्रमशाळेत तिचं रक्त तपासलेलं होतं, पण वसतिगृहात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. प्रवेश नाकारतील अशी तिला भीती होती. ग्रामीण रुग्णालयातून तिला तसंच नंदुरबारला हलवलं. डॉक्टर मॅडमना म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ती वाचली. खिचडीत आणि पाण्यात काही निघालं नाही.

रुमाबाईंना दुपारी सेवंती आणि मागाहून पोहोचलेल्या दोन पोलीस मावशी जीपनं वर सोडून आल्या. आबांनी कुलूप स्वतः उघडलं होतं. रुमाबाई त्यांच्यासमोरून खाली मान घालून गेल्या. त्या परत कामावर आल्या नाहीत. परत या, असा गृहपाल बाईंनी निरोप पाठवला होता म्हणे. रुमाबाईंनी भाऊ पाठवून आपला तवा आणि दोन लुगडी तेवढी मागवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या. आम्हाला वाटलं, आता कालच्याबद्दल काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी फळ्यावर रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'मोगी सकाळपासून पाय चोळत होती.' उजवीकडे लिहिलं, 'एकीचं बघून दुसरीला होतंय.' खडू ठेवला. "उजवीकडचं मला आधी सुचलं," त्या म्हणाल्या. "मला विषय येतो ना, म्हणून. बाकी सगळ्यांबाबत ते बरोबर होतं. एकीबाबत चुकलं. आणि ती एकच खरी आजारी होती."

सेवंतीनं हात वर केला. "मॅडम, वैशालीच्या आबांना किल्ली का दिली? तेच तर सगळ्यांत पुढे होते."

"म्हणूनच दिली, असं म्हटलं तर तुम्हाला आवडेल," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगायचं तर तेच सगळ्यांत जवळ उभे होते. मला दुसरं काही सुचलं नाही. ह्याला संकल्पना नाही."

काही पालकांनी संस्थेकडे तक्रार केली. मॅडमनी भर गर्दीत पालकांची उलटतपासणी घेतली, गावाची अब्रू घालवली. आजारी मुलगी सोडून वर्ग घेत बसल्या, असंही त्यात होतं, आणि ते वाक्य मॅडमना लागलं. त्यांनी खुलासा दिला नाही. प्राचार्यांना कारण शोधावंही लागलं नाही. तासिका तत्त्वावरची नेमणूक वर्ष संपलं की संपतेच. पुढच्या वर्षी ती झाली नाही. बोर्डाची परीक्षा आटपेपर्यंत त्यांनी आमची उजळणी घेतली, अकरावीच्या पुस्तकासकट. मोगी शेवटच्या पेपरांना आली, शाल पांघरून, पाण्याची बाटली बाळगत. तिच्या बाटलीत पाणी आहे ना हे बघायला मॅडम रोज केंद्राच्या फाटकापर्यंत येत.

परीक्षा संपल्यावर आबा मला आणि कोमलला न्यायला तळोद्याला आले होते. स्टँडवर मॅडम दिसल्या. दोन बॅगा, छत्री, धुळ्याची बस लागलेली. खोली सोडून चालल्या होत्या. आबा त्या दिवसानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, घरीही तो विषय निघू देत नसत. पण ते पुढे झाले, बॅगा उचलून बसमध्ये ठेवल्या आणि खिडकीखाली उभे राहिले. बसचा कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"ती बाईमा... खरंच काही नव्हतं ना?"

मी शरमेनं मान खाली घातली. इतकं होऊनही हे! मॅडम रागावल्या नाहीत. "भाऊ, तुम्हीच तर दार राखलंत."

"राखं," आबा म्हणाले. "पन रातले झोप नही लागत. मी कोनले राखं, ते माले समजाले पाहिजे."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. कंडक्टरनं घंटी मारली. त्या उठल्या, "थांबा, थांबा," म्हणत बॅगा ओढत खाली उतरल्या, आणि बस त्यांना सोडून निघून गेली.

"हे मला विचारून कसं समजेल?" त्या म्हणाल्या. "चला. तिच्याकडे जाऊ."

"कोठे? मोलगीले?"

"मोलगीच्याही पुढे. रस्ता विचारत जाऊ."

आबा नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी बॅगा उचलल्या आणि मोलगीच्या जीपच्या टपावर टाकल्या. मला म्हणाले, "तू कोमलसंगे घर जाय."

ते दुसऱ्या दिवशी परतले. वर काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. आईनं फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "चहा दिधा तिन्ही. पिधा मी." पुन्हा काही नाही. मॅडम तिथूनच परस्पर धुळ्याला गेल्या. मला पुन्हा त्या भेटल्या नाहीत.

त्यांचं शेवटचं दर्शन ते स्टँडवरचं. जीप भरली होती, पुढच्या सीटवर चौघं, मागे आबा दोन पोत्यांच्या मध्ये पाय आखडून. मॅडम पुढे दाराला खेटून बसलेल्या, अर्ध्या बाहेर. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांना एकदम आठवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्या ओरडल्या, "वैशाली, मानसशास्त्राचा कसा गेला?"

मी ओरडून सांगितलं. इंजिनाचा आवाज, जीपवाल्याची हाकाटी, मागून आलेला ट्रक. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडले. जीप वळली. त्यांनी दोनदा जोरात मान हलवली, अगदी समाधानानं. ऐकू काही आलं नसणार.